वेताळाचं जंगल आणि आमचं

कॉमिक्सवर लिहितो म्हटलं तर आमच्या बैठकीतले दोघंतिघं हसले. म्हणाले, "राजेहो, पोट्ट्यांच्या चित्रांच्या पुस्तकावर कायची समीक्षा? कविता संपल्या का?" कविता संपल्या नाहीत. पण आमच्या घरात कविता वाचणारा मी एकटा. माझा भाचा बारावीत आहे, शिकायला आमच्याकडं ऊर्जानगरात राहतो. तो कॉमिक्स वाचतो. जेवताना वाचतो, अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचतो, आणि वाचून झालं की माझ्याशी भांडतो. जे घरात वाचलं जातं त्याकडं नाक मुरडायचं आणि जे दोनशे लोक वाचतात त्यावर परिसंवाद भरवायचे, हा प्रस्थापितांचा धंदा आहे. आपण कायले करायचा?

तेव्हा हा लेख म्हणजे भाच्याशी झालेलं भांडण समजा. त्यानं आणलेली नवी पुस्तकं मी वाचली, मी जपलेली जुनी त्याला वाचायला लावली. इंग्रजी वाचताना डिक्शनरी जवळ होती. काही ठिकाणी भाच्यानं समजावलं, काही ठिकाणी मी त्याला.

आमच्या वेळी इंद्रजाल होतं. टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी १९६४ साली सुरू केलेलं, १९९० साली बंद पडलेलं. मराठीतही निघायचं. माझा बाप वीज केंद्राच्या बांधकामावर घमेलं उचलायला आला तेव्हा ऊर्जानगर हे नावही नवं होतं. पहिला संच १९८३ साली चालू झाला. त्याच सुमाराला मी वेताळ वाचायला लागलो. विकत घ्यायची ऐपत कोणाची? रद्दीवाल्याकडं भाड्यानं मिळायचं. चार आण्याला एक, दुकानासमोरच्या ओट्यावर बसून वाचायचं, घरी न्यायचं नाही. बहुतेकांची शेवटची पानं गळालेली. कितीतरी गोष्टींचा शेवट मी आजवर वाचलेला नाही.

आणि मग आम्ही वेताळ वेताळ खेळायचो. मागं लगेच जंगल लागायचं, गुहेला काही कमी नव्हतं. वेताळ कोण व्हायचा? ज्याच्या बापाला पक्कं क्वार्टर होतं तो. साहेबाचा पोरगा. त्याच्याकडं जांभळा स्वेटर होता. मी गुरन. गुरन म्हणजे वेताळाच्या पायाशी बसणारा बुटक्या आदिवासींचा मुखिया. "जी वेताळ" म्हणायचं, भाला घेऊन मागं पळायचं. वर्ष दीड वर्ष मी गुरनच होतो. मला राग यायचा, पण का येतो ते कळत नव्हतं.

एका उन्हाळ्यात तो साहेबाचा पोरगा सुट्टीत गावाला गेला आणि वेताळाची जागा रिकामी झाली. मी झालो वेताळ. आईचं निळं लुगडं खांद्याला बांधलं. आता गुरन पाहिजे. आमच्यात एक गोंडाचा पोरगा होता, बाप त्याचा रोजंदारीवर. मी त्याला म्हटलं, तू गुरन. तो म्हणाला, मी कायले? मी म्हटलं, तू जंगलातला आहेस म्हणून. हे वाक्य मी बोललो. दुसऱ्या कोणी नाही, मी. दीड वर्ष ज्या जागेवर बसून जळलो, ती जागा पहिल्याच दिवशी माझ्या खालच्याला दिली. बाबासाहेबांनी जातीची उतरंड सांगताना नेमकं हेच सांगितलं आहे, की प्रत्येकाला पायाखाली कोणीतरी मिळतो आणि म्हणून उतरंड टिकते. ते मी पुढं वाचलं. केलं मात्र आधी.

भाच्याला हे सांगितलं तर तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मामा, चूक तुमची नाही, चूक गोष्टीची आहे. गोष्टीत एकच खुर्ची आहे." पोट्टं बरोबर बोललं. म्हणून आता गोष्टीकडं येतो.

वेताळ हा अमेरिकेच्या ली फॉकनं १९३६ साली उभा केला. पहिला वेताळ गोरा दर्यावर्दी. १५३६ साली चाच्यांनी त्याचं जहाज बुडवलं, बाप मारला, तो किनाऱ्याला लागला. तिथल्या बुटक्या बांदार लोकांनी त्याला वाचवलं. हे बांदार दुसऱ्या एका जमातीचे गुलाम. गोऱ्यानं त्यांना सोडवलं. तेव्हापासून चारशे वर्षं बापामागून पोरगा, एकामागून एक, कवटीच्या सिंहासनावर बसतो. जंगलाला वाटतं तो मरतच नाही. मूळ इंग्रजीत त्या जंगलाचं नाव बंगालवरून घेतलेलं, चाचे सिंग, आणि आदिवासींचं नाव 'बांदार'. आपल्याकडं बंदर म्हणजे माकड, हे काय वेगळं सांगायचं? सुरुवातीला हे जंगल आशियातलं होतं, पुढं ते आफ्रिकेकडं सरकवलं. इंद्रजालवाल्यांनी छापताना बंगालचं 'डेंकाली' केलं. म्हणजे छापणाऱ्याला कळलं होतं की वाचणाऱ्याच्या लक्षात येईल, हे तर आपलंच जंगल, आणि राज्य गोऱ्याचं. नाव बदललं की झालं. आम्ही ओट्यावर बसून चार आणे देऊन टाळ्या पिटत राहिलो.

त्या गोष्टींत आदिवासी काय करतात? ढोल वाजवतात, निरोप पोचवतात, घाबरतात, वाट पाहतात. न्याय करणारा एकच. त्याच्या अंगठीचा ठसा गालावर उमटला की गुन्हेगार जन्माचा डागला. ना पंचायत, ना साक्ष, ना अपील. आणि जनावरं सगळी त्याच्या शब्दात. इथं ऊर्जानगर-दुर्गापूरच्या माणसाला हे वाचून काय वाटावं? २०२२ च्या फेब्रुवारीत वीज केंद्राच्या आवारात कामावरून घरी निघालेला कंत्राटी मजूर वाघानं नेला, आणि लगेच दुर्गापुरात बिबट्यानं एक पोरगा नेला. आमच्या जंगलातलं जनावर कोणाच्या शब्दात नाही. त्याचं जंगलही आक्रसत चाललं आहे, हा वेगळा विषय.

पण खोटं कायले बोलू? वेताळ मला आवडायचा. आजही एखादं जुनं पान दिसलं की हात थांबतो. त्या रात्री, ते ढोल, ती गुहा. चित्रकारांचा हात मोठा होता. जे आपल्याला खाली ढकलतं तेच देखणं असतं, म्हणून तर ते चालतं. कुरूप असतं तर आम्ही तेव्हाच फेकलं असतं.

इंद्रजालनं १९७६ साली आपला म्हणून एक नायक काढला, बहादूर. आबिद सुरतींचा. डाकूचा पोरगा, पोलिसांच्या बाजूला येतो, भगवा कुडता आणि जीन्स घालतो, गावकऱ्यांना हत्यारं देऊन नागरिक सुरक्षा दल बांधतो. गोरा राजा गेला, देशी शिपाई आला. गावात डाकू का होतात, जमीन कोणाकडं आहे, सावकार कोण, हे विचारायचं नाही. गावकऱ्यांच्या हातात बंदुका देऊन शांतता आणायची कल्पना कागदावर झकास दिसते. शेजारच्या बस्तरात २००५ पासून सलवा जुडूम नावानं ती राबवून झाली, २०११ साली सर्वोच्च न्यायालयाला ती थांबवावी लागली. बहादूरवर याहून जास्त शाई घालवत नाही.

आता भाच्याचे देव.

२०२४ च्या शेवटी अमेरिकेच्या डीसी कंपनीनं जुने नायक नव्यानं मांडायला घेतले. 'अ‍ॅब्सोल्यूट' नावाची मालिका. त्यातला सुपरमॅन लिहिला जेसन आरन यानं, चित्रं राफा सँडोव्हालची. भाच्याच्या दोस्तानं पुण्याहून बांधीव खंड आणला. मी हात लावणार नव्हतो. सुपरमॅन म्हणजे अमेरिकेचा झेंडा पांघरलेला गडी, अशी माझी समजूत. पहिली काही पानं वाचली आणि उठून चहा केला, मग पुन्हा बसलो.

यातला सुपरमॅन खाणीत आहे. ब्राझीलच्या खाणीत मजुरांबरोबर. मजुरांवर एका बड्या कंपनीची हत्यारबंद फौज. आणि त्याचा मूळ ग्रह क्रिप्टॉन, जो आजवर शास्त्रज्ञांचा, सरदारांचा, चकचकीत दाखवायचे, तो इथं उतरंडीचा ग्रह आहे. वरचे वर, खालचे खाली, कामं वाटून दिलेली. सुपरमॅनचे आईबाप खालच्या, राबणाऱ्या वर्गातले. बाप हुशार, ग्रह मरतोय हे त्याला कळतं, पण खालच्याचं कोण ऐकतो? आणि त्याच्या छातीवरची ती जगप्रसिद्ध खूण, ती राबणाऱ्यांची खूण आहे. वरच्यांनी दिलेली.

इथं मी पुस्तक खाली ठेवलं. आमच्या पूर्वजांच्या गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू होता. ज्याला हिणवायला खूण दिली त्यानंच ती छाती पुढं काढून मिरवायची, हे आम्हाला कोणा आरननं शिकवायला नको. 'दलित' हा शब्द आपण असाच उचलला. पण एका अमेरिकन चित्रांच्या पुस्तकात तो हिशेब इतका नेमका मांडलेला दिसला, तर दाद द्यायला लाजायचं कशाला?

भाचा म्हणाला, हे नवीन आहे. मी म्हटलं, थांब. सुपरमॅन काढला तो जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन पोरांनी. दोघंही बाहेरून आलेल्या ज्यू कुटुंबांतले, क्लीव्हलँडचे. १९३८ साली १३० डॉलरला हक्क विकून मोकळे झाले, पुढं कंपनी गब्बर झाली आणि ते कोर्टकचेऱ्या करत राहिले. त्याच वर्षीच्या तिसऱ्या अंकात त्यांचा सुपरमॅन कोळशाच्या खाणीत उतरतो. मजुराचा वेष घेतो. खाण धोक्याची आहे, मालक खर्च करत नाही. तर हा काय करतो? मालकाला आणि त्याच्या मेजवानीला आलेल्या शेट लोकांना खाणीतच अडकवतो. रेशमी कपड्यात त्यांना फावडं धरायला लावतो. घाम फुटल्यावर मालकाला अक्कल येते. ही १९३८ ची गोष्ट. नंतर महायुद्ध आलं, पैसा आला, आणि सुपरमॅन मालक सोडून चोरांच्या मागं लागला. परग्रहावरच्या राक्षसांशी लढला, खाणीत उतरायचं विसरला. आता श्याऐंशी वर्षांनी पुन्हा उतरला आहे. दुर्गापूर, पद्मापूर, भटाळीच्या खाणींजवळ राहणाऱ्या माणसानं याची नोंद घ्यायला पाहिजे.

पण माझं भांडण आहेच. दोन्ही गोष्टींत मजूर काय करतात? १९३८ साली वाट पाहतात, २०२४ सालीही बरंचसं वरच पाहतात. युनियन कुठं आहे? पाळी संपल्यावर गेटवर होणारी सभा कुठं आहे? एक दिवसाचा पगार कापून घेऊन सोबत्याच्या घरी पैसे नेऊन देणारे लोक कुठं आहेत? आरनला मजुराचं दुःख दिसतं, मजुराचं डोकं दिसत नाही. भाचा म्हणतो, "मामा, युनियनच्या सभेचं चित्र कोण पाहील? त्यात मारामारी नाही." यानं युनियनची सभा पाहिलेली नाही.

त्याच मालिकेतला बॅटमॅन भाच्याला जास्त प्रिय. स्कॉट स्नायडर लेखक, निक ड्रॅगोटा चित्रकार. जुना बॅटमॅन १९३९ चा: दिवसा कोट्याधीश, रात्री गरीब चोरांची हाडं मोडणारा. यापेक्षा उघड गोष्ट मालकवर्गानं स्वतःबद्दल कधी लिहिली नसेल. नव्यात पैसा काढून घेतला. बाप शाळामास्तर, पोरगा इंजिनियर, आणि श्रीमंत आहे तो जोकर. कल्पना चांगली. पण पैसा काढला आणि त्या जागी मांस भरलं. दंड असे की दारातून आत येणार नाही. छातीवरची खूण काढून कुऱ्हाड करतो. ताकद पैशाची नाही तर मनगटाची, पण शेवटी ताकदच. चित्रं जोरदार आहेत, पानावर पान उलटत जातं, आणि मिटल्यावर हातात फारसं काही राहत नाही.

आता ज्याच्यावर खरं भांडण झालं तो ब्लॅक पँथर.

नावापासून सुरू करू. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी १९६६ च्या उन्हाळ्यात हा काळा राजा काढला. त्याच वर्षी ऑक्टोबरात ओकलंडला ब्लॅक पँथर पार्टी स्थापन झाली. एकानं दुसऱ्याचं घेतलं नाही, त्याआधीच अलाबामात काळ्यांच्या एका पक्षाची निशाणी काळा चित्ता होती. पण पार्टीचं नाव गाजायला लागल्यावर कॉमिक्सवाल्यांना घाम फुटला. १९७२ च्या सुरुवातीच्या एका अंकात त्यांनी राजाच्या तोंडीच घातलं की मी आता ब्लॅक लेपर्ड, त्या पार्टीशी गोंधळ नको. थोड्याच दिवसांत नाव परत जुनं केलं, तो भाग सोडा. पण साल पाहा. १९७२. ज्या साली न्यूयॉर्कच्या कंपनीला 'पँथर' हा शब्द नकोसा झाला, त्याच साली मुंबईत आपल्या पोरांनी तो उचलला. नामदेव ढसाळ, ज. वि. पवार आणि त्यांचे सोबती. समुद्रापलीकडं धनदांडग्यांनी टाकलेला शब्द इकडं कामाठीपुऱ्यात आणि चाळींत जिवंत झाला. भाच्याला हे माहीत नव्हतं. त्याला वाटायचं, पँथर म्हणजे सिनेमा.

सिनेमा २०१८ चा. आमच्या पोरांनी तो डोक्यावर घेतला, आणि का घेऊ नये? पडदाभर काळी माणसं, राजे, शास्त्रज्ञ, सेनापती बाया. कोणी नोकर नाही, कोणी विदूषक नाही. वाकांडा हा देश बाहेरून गरीब दिसतो, आतून जगात सगळ्यात पुढं. कारण त्याच्या पोटात व्हायब्रेनियम नावाचा धातू आहे आणि तो त्यांनी गोऱ्यांना दाखवलाच नाही. गडचिरोलीच्या माणसाला ही गोष्ट सांगून बघा. जंगल आहे, पोटात धातू आहे, वर गरिबी आहे. फक्त आमचा धातू लपलेला नाही. एटापल्लीकडचा सूरजागडचा डोंगर लोखंडाचा आहे, तिथं दर जानेवारीत ठाकूरदेवाची यात्रा भरते, सत्तर गावांचे लोक जमतात. डोंगर देवाचा की खाणीचा, हे भांडण तिथं वर्षानुवर्षं चालू आहे. ट्रक मात्र भरून जातात.

सिनेमात ओकलंडचा एक पोरगा येतो, किलमाँगर. विचारतो, जगभर काळे लोक मार खात होते तेव्हा तुमचं वाकांडा काय करत होतं? या प्रश्नाला राजाकडं उत्तर नाही. भाचा या किलमाँगरच्या बाजूचा. मी पण, प्रश्नापुरता. पण दिग्दर्शक त्याला खुनशी करून मारून टाकतो, आणि पिचलेल्या लोकांकडं निघालेली हत्यारं आकाशातून पाडायचं काम कोणाला देतो? सीआयएच्या गोऱ्या माणसाला. तो पण चांगला माणूस, हसतमुख. हे मला पचलं नाही. भाचा म्हणाला, "म्हणजे हत्यारं पोचायला पाहिजे होती?" मी म्हटलं, बंदुकीनं काय मिळतं ते गडचिरोलीच्या गावांना विचार. दोन्हीकडच्या बंदुकांमध्ये चाळीस वर्षं तीच उभी होती. मला हत्यार नको होतं. मला एवढंच पाहिजे होतं की प्रश्न विचारणाऱ्याला गोष्टीत जिवंत ठेवा.

आणि मुख्य म्हणजे, राजा कायले पाहिजे? वाकांडा सगळ्यात पुढं, आणि राज्य कोणाचं ते धबधब्यावरच्या कुस्तीत ठरतं! कॉमिक्समध्ये हे दुखणं एकानं ओळखलं. टा-नेहिसी कोट्स या काळ्या लेखकानं २०१६ पासून ब्लॅक पँथर लिहायला घेतला, तेव्हा त्यानं वाकांडाच्या लोकांनाच राजाविरुद्ध उठवलं. बाया उठतात, मास्तर उठतो, आणि शेवटी राजाला घटना मान्य करण्याकडं यावं लागतं. मजकूर जड आहे, पात्रं भाषणं करतात, चित्रातली घाई निघून गेली आहे. भाच्यानं तिसऱ्या अंकालाच सोडून दिलं. मी शेवटपर्यंत वाचलं. घटना नावाची गोष्ट एका कॉमिक्समध्ये मारामारीपेक्षा मोठी झालेली मी पहिल्यांदा पाहिली.

मग मी त्याला मेंढा-लेखाची गोष्ट सांगितली. धानोरा तालुक्यातलं गोंडांचं लहानसं गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणणारं. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर त्यांना सामूहिक हक्क मिळाला, देशात सगळ्यात आधी. मग बांबूवर अडलं. बांबू तुमचा, पण वाहतुकीचा पास सरकारचा. २०११ साली तो पासही ग्रामसभेच्या हातात आला. बहुमतानं नाही, सगळ्यांच्या सहमतीनं निर्णय घेतात. एक जरी नाही म्हणाला तर पुन्हा बसतात. राजा नाही, मुखवटा नाही, उडणारा कोणी नाही. भाचा म्हणाला, "हे कॉमिक्समध्ये बोअर होईल." मी म्हटलं, तू काढून तर पाहा. तो विषय पुढं येतोच.

इथं एक गोष्ट बोलायची आहे, आपल्या लोकांना ती आवडेल न आवडेल. आम्ही पण एक सुपरहिरो केला आहे. निळा कोट, हातात पुस्तक, बोट वर. ट्रकवर, टी-शर्टवर, मोबाईलच्या पडद्यावर. पोरं बाबासाहेबांच्या चित्राला लोखंडी दंड आणि पंख लावून स्टेटस ठेवतात. ज्या माणसानं १९४३ साली पुण्यात रानड्यांवर बोलताना विभूतिपूजेवर कोरडे ओढले, आणि २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बजावलं की राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडं नेते, त्याला आम्ही छातीवर 'भी' लिहून उडवायला निघालो. प्रेम आहे, मान्य. माझ्याही घरात तो फोटो आहे, आणि त्याच्यासमोर मी रोज हात जोडतो. पण चित्रात त्यांना जितकं मोठं करू तितके आपण लहान होत जातो. महाडला १९२७ साली तळ्याचं पाणी बाबासाहेब प्याले, आणि त्यांच्यामागं हजारो लोक प्याले. चित्रकारानं फक्त पहिली ओंजळ काढली तर सत्याग्रहाचा चमत्कार होतो.

अमर चित्रकथेनं १९७९ साली बाबासाहेबांवर अंक काढला. शीर्षकातच सांगितलं, लढण्याचं धाडस केलेला माणूस. तो आमच्यापर्यंत पोचला तेव्हा घरात कोण आनंद! राम, कृष्ण, शिवाजींच्या रांगेत आपला बाप. पुढं कळलं की रांगच खोटी आहे. अवतारांचा आणि राजांचा जो साचा, त्याच साच्यात हा पण ओतायचा: हुशार बालक, संकटं, विजय, निर्वाण. जात म्हणजे जणू एक राक्षस, नायकानं मारला, गोष्ट संपली. पुस्तक मिटून पोरगा शाळेत जातो तर राक्षस मधल्या सुट्टीत डबा वेगळा ठेवून बसलेला.

म्हणून 'भीमायन'. नवयानानं २०११ साली काढलेलं. चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांची, मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा. हे व्याम मध्य प्रदेशातले परधान गोंड, पाटनगढकडचे. मी आमच्या विहारात पुस्तक नेलं तर एक म्हातारे बाबा चिडले. म्हणाले, "साहेबांचा चेहरा असा असते का? डोळा एकाच बाजूला, अंगावर ठिपके. जनावरांच्या मधात बसवलं त्यांना." मला पण पहिल्यांदा तसंच वाटलं, हे कबूल करतो.

पण पुन्हा पुन्हा पाहत गेलो. या पुस्तकात चौकटी नाहीत. व्याम नवराबायकोचं म्हणणं असं की आम्ही आमच्या माणसांना डब्यात कोंडणार नाही. पान मोकळं, मधून भिंतीवरच्या दिग्ण्यासारखी वळणावळणाची रेघ जाते. रेल्वे साप होते, किल्ला जनावर होतो. बोलण्याचे फुगे दोन तऱ्हेचे: साध्या, मायेच्या माणसाचं बोलणं पाखराच्या आकारात, आणि जातीचं विष असलेलं बोलणं विंचवाच्या नांगीत. मजकूर वाचता न येणारी माझी आई बोट ठेवून सांगायची, हा विंचू बोलला, हा पाखरू बोलला. बस. समीक्षा झाली. सभेच्या चित्रात भोंग्यांतून शब्द नाही, पाणी शिंपडलं जातं लोकांवर. तहानलेल्यांच्या सभेचं याहून खरं चित्र मी पाहिलं नाही.

गोष्टही तीन तुकड्यांची, पाणी, निवारा, प्रवास. शाळेतली तहान, बडोद्याच्या पारशी धर्मशाळेतून हाकलणं, चाळीसगावचा टांगा, दौलताबादचा हौद. विजय कुठंच नाही. परदेशात शिकून आलेला माणूस झाडाखाली बसून रडतो. हा सुपरहिरो नव्हे. आणि मधे मधे आजच्या बातम्या, खैरलांजीपर्यंतच्या. राक्षस मेला नाही हे पानावरच छापलं आहे.

आणि माझ्यासाठी त्यात आणखी एक गोष्ट आहे. गोंडाच्या हातानं काढलेला भीम. मी ज्याला गुरन केला त्याच्या भाऊबंदाच्या हातून. यावर जास्त बोलत नाही.

दोष आहे. गोष्ट सुरू होते बसस्टॉपवर. राखीव जागांवर चिडलेला एक माणूस, त्याला एक बाई समजावते. म्हणजे अख्खं पुस्तक त्या चिडलेल्या माणसाला पटवायला बसलं आहे. आम्ही कुठं बसायचं? आमच्याबद्दल बोलतं, आमच्याशी कमी बोलतं. आणि रमाई नावापुरतीही हाताशी लागत नाही. या बाबतीत त्याच वर्षीचं 'अ गार्डनर इन द वेस्टलँड' मला उजवं वाटलं. नटराजन आणि चित्रकार अपराजिता निनन, दोघी स्वतःच पात्र होऊन ज्योतीरावांच्या 'गुलामगिरी'त शिरतात, सावित्रीबाई फक्त दिवा धरून उभ्या नाहीत. १८७३ चं 'गुलामगिरी' म्हणजे मुळात ज्योतीराव आणि धोंडिबाचा सवाल-जबाब. ते कॉमिक्स व्हायलाच बसलेलं होतं. चित्र काळं-पांढरं, काही ठिकाणी घाईचं, पण चावतं.

आता भाचा स्वतः काढतो आहे. बाबुराव शेडमाके. चांद्याच्या मातीतला गोंड जमीनदाराचा पोरगा, १८५८ साली इंग्रजांवर उठला, त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला चांद्याच्या तुरुंगात फाशी गेला. पंचवीस वर्षांचा. २००९ साली त्याचं टपाल तिकीट निघालं. कॉमिक्स माझ्या हाती तरी आलेलं नाही. पहिलं पान भाच्यानं दाखवलं: शेडमाके एका हातानं घोडा उचलतो आहे. मी म्हटलं, हा वेताळ झाला. तो चिडला. मग मी त्याला ताडोब्याची गोष्ट सांगितली. तारू नावाचा गोंडाचा मुखिया वाघाशी लढला आणि मेला. हरला. तळ्याकाठी झाडाखाली त्याचं ठाणं आहे, पौषात लोक जत्रेला जातात. आमच्या जंगलानं हरलेल्याला देव केला. भाचा म्हणाला, "मग मी बाबुरावला कुठून सुरू करू? फाशीपासून?" मी म्हटलं, तुरुंगातल्या पिंपळापासून कर, आणि त्याच्यामागं कोण कोण लढायला आलं ते काढ, तोंडासकट. तो म्हणाला, इतकी तोंडं काढायला महिना लागेल. लागू दे.

रविवारी आम्ही दोघं जटपुरा गेटवर गेलो होतो. हत्तीवर चढलेला तो दगडी सिंह, गोंड राजांची खूण, त्यानं वहीत उतरवून घेतला. पान अर्धं झालं आहे.

कोणाकडं जुने मराठी इंद्रजाल असतील तर रद्दीत घालू नका. मला पाहिजेत, विशेषतः शेवटची पानं शाबूत असलेले. १६ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या रांगेत मी असतोच, १९५६ साली बाबासाहेबांनी चांद्याला दीक्षा दिली तो दिवस. तिथं आणून द्या. वाचून परत करीन.